जुना पुणेकर समीक्षक असतो का? : मिसळ, करंडक आणि ‘दुनियादारी’

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘पुण्याची बदलती संस्कृती’. मी त्यांना म्हटलं, या विषयावर या सभागृहातला प्रत्येक माणूस दोन तास बोलू शकेल, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलेल. (हशा) म्हणून मी विषय जरा फिरवून घेतला. पुण्याच्या संस्कृतीवर बोलण्याऐवजी, त्या संस्कृतीवर जो सतत बोलत असतो त्या माणसाबद्दल आज बोलायचं आहे. म्हणजे जुना पुणेकर. मी स्वतः त्याच जमातीतला आहे. नारायण पेठेत वाढलो, आता निम्मं गाव गेलं तसा कोथरूडला राहतो, आणि वैशालीच्या डोशाबद्दल मला मत आहे.

जुना पुणेकर तीन गोष्टींवर हमखास बोलतो: खाणं, कॉलेजं आणि नाटक-सिनेमा. आणि तिन्हींवरचा त्याचा निकाल बहुधा एकच असतो, ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’. माझा प्रश्न असा की या बोलण्याला समीक्षा म्हणायचं का? आपण समीक्षक कुणाला म्हणतो? जो निकाल देतो त्याला नाही. निकाल तर सगळेच देतात. जो कशाच्या आधारावर निकाल देतोय ते सांगतो, समोरची वस्तू आज नीट पाहून बोलतो, आणि ज्याचं म्हणणं दुसऱ्याला खोडून काढता येतं, तो समीक्षक. या तीन कसोट्या घ्या आणि आपल्या या काकांना लावून पाहू.

मिसळीची भाषा

खाण्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपला माणूस सगळ्यात जास्त गुण मिळवतो.

मिसळीवरचं पुणेरी भांडण ऐका कधीतरी लक्ष देऊन. बाहेरच्याला ते निव्वळ हटवादीपण वाटतं. पण त्यात केवढी बारीक भाषा आहे! बेडेकरांची मिसळ गोडसर अंगाची. पोहे, बटाट्याची भाजी, चिवडा, शेव, आणि बरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस. फडके हौदाजवळच्या वैद्यांकडे रस्सा हिरवा, आल्या-मिरचीचा. लाल तर्री शोधणारा माणूस तिथे गोंधळून जातो. काटाकिर्रला गेलात तर कोल्हापूरच्या वळणाचा झणका. आणि रस्सा म्हणायचं की कट म्हणायचं की सॅम्पल म्हणायचं, यावर पुन्हा वेगळी मतं. एखादा म्हातारा जेव्हा म्हणतो की ‘फरसाण घातलं की मिसळ संपली, शेव-चिवडाच पाहिजे’, तेव्हा तो एक निकष मांडतोय. फरसाण रस्सा पटकन पितं, लगदा होतो, आणि शेवटच्या घासाला सगळं एकाच चवीचं लागतं. चिवड्यातले पोहे आणि दाणे जरा वेळ तग धरतात. हे तपासता येतं. तुम्ही उद्या जाऊन दोन्ही खाऊन त्याला खोटं पाडू शकता. ही समीक्षा आहे, आणि आपल्याकडच्या पुष्कळ पुस्तक-परीक्षणांपेक्षा बरी आहे. (टाळ्या)

मग घसरतो कुठे? घसरतो ‘अस्सल पुणेरी’ या शब्दावर.

आपण ज्याला अस्सल पुणेरी खाणं म्हणतो त्याची वंशावळ काढून बघा. फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली आणि रूपाली ही उडुपीकडून आलेल्या जगन्नाथ शेट्टींची. वैशालीचं आधीचं नाव मद्रास हेल्थ होम. तिथल्या ज्या पदार्थाच्या आठवणीनं परदेशातली पुणेकर मुलं व्याकूळ होतात तो एसपीडीपी, म्हणजे शेव-पोटॅटो-दही-पुरी. म्हणजे उत्तरेकडची चाट, कानडी मालकाच्या हॉटेलात, इंग्रजी अद्याक्षरांनी मागवायची. डेक्कनचं गुडलक १९३५ चं, इराणी. कॅम्पातली कयानी बेकरी १९५५ ची, तीही इराणी. तिच्या बिस्किटाचं नाव इंग्लंडमधल्या गावाचं आणि आपला उच्चार आपला स्वतःचा. (हशा) अमृततुल्य चहा राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी रुजवला. आणि चितळे? त्यांचा दूधधंदा सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीचा.

मी हे कुणाचा अभिमान उतरवायला सांगत नाहीये. उलट मला यात शहराची खरी हुशारी दिसते. पुण्यानं फार काही शोधून काढलं नाही. पण जे आलं ते चोखंदळपणे खाल्लं, वर्षानुवर्षं त्याच टेबलावर बसून खाल्लं, आणि बनवणाऱ्याला ढिलं पडू दिलं नाही. आचारी बाहेरचा आणि जीभ इथली, असा हा करार आहे. तो करार ज्याला कळला तो जुना पुणेकर नव्या माणसाकडे कुतूहलानं बघेल: हा काय घेऊन आलाय? ज्याला नाही कळला तो म्हणेल: हे लोक आले आणि सगळं बिघडलं.

आणि जीभ कुणाची, हाही प्रश्न आहेच. ‘पुणेरी खाणं’ म्हटलं की आपल्या यादीत साबुदाणा वडा येतो, अळूची भाजी येते, थालीपीठ येतं. भवानी पेठ, गंज पेठ, नाना पेठ यांतल्या घरांतलं आणि खानावळीतलं मटण येत नाही. कॅम्पातलं येतं ते केक-बिस्किटापुरतं. खडकी, येरवडा तर नकाशातच नाहीत. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलित जातींच्या खाण्याबद्दलचं आहे. त्याच्या नावातच आपल्या ‘पूर्णब्रह्मा’ला एक ‘अ’ लावलाय, आणि त्या एका अक्षरात मोठी समीक्षा आहे. ज्या श्लोकानं आपण जेवायला बसतो त्यातलं ‘पूर्ण’ कुणासाठी पूर्ण होतं, असं ते पुस्तक विचारतं. पुण्याच्या खाण्यावर लिहिणाऱ्यांनी अजून त्या प्रश्नाला नीट उत्तर दिलेलं नाही.

आवाज कुणाचा?

आता कॉलेजं.

फर्ग्युसन आणि एसपी. एक नदीपलीकडे टेकडीच्या पायथ्याशी, एक पेठेला लागून टिळक रस्त्यावर. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं १८८५ साली फर्ग्युसन काढलं. नाव मुंबईच्या गव्हर्नराचं. शिक्षण प्रसारक मंडळीनं १९१६ साली न्यू पूना कॉलेज काढलं, ते पुढे जमखंडीच्या संस्थानिकांच्या देणगीमुळे सर परशुरामभाऊ झालं. दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांबद्दल जे समज करून घेतले ते तुम्हाला माहीत आहेत: ते शिष्ट, आपण साधे, त्यांच्याकडे इंग्रजी, आपल्याकडे गणित, त्यांना वैशाली, आपल्याला टिळक रस्त्यावरचा चहा. यातलं किती खरं हे सोडून द्या. वैर म्हणजे काय, तर स्वतःकडे बघायचा आरसा. समोर कुणी नसलं तर आपण कोण हेच कळत नाही.

पण या चेष्टा-मस्करीच्या वैराचं पुण्यानं एक फार उपयोगी काम करून घेतलं. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. ज्यांनी भरत नाट्य मंदिरात तो ‘अरे, आवाज कुणाचा!’ ऐकलाय त्यांना मी काही सांगायला नको. ज्यांनी नाही ऐकला त्यांच्यासाठी एवढंच, की स्टेडियममधला आवाज एका जुन्या नाट्यगृहात कोंडला की काय होईल याची कल्पना करा.

आता गंमत बघा. पडदा उघडला की तो आवाज बंद होतो. आणि समोरच्या कॉलेजची एकांकिका दुसऱ्या कॉलेजची पोरं ज्या एकाग्रतेनं बघतात, तशी कुठलाच नाट्यरसिक बघत नाही. का? कारण उद्या त्यांना तिला हरवायचंय. कुठे प्रकाश उशिरा आला, कुठे वाक्य पडलं, कुठे लेखकाला शेवट सापडला नाही, सगळं टिपलं जातं. नंतर चहाच्या टपरीवर रात्री दीड वाजेपर्यंत जे बोलणं होतं, ते या शहरातलं नाट्यसमीक्षेचं शिक्षण. पगार नाही, पदवी नाही. अमेय वाघ, निपुण धर्माधिकारी ही बीएमसीसीची मुलं यातूनच आली. आणि फर्ग्युसन-एसपी हे एवढंच जग आहे असं धरून चालणाऱ्यांना आठवण करून देतो, की जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे स्टेशनजवळच्या बी. जे. मेडिकलचे होते.

त्यांचं नाव काढलं म्हणून ‘घाशीराम कोतवाल’. १६ डिसेंबर १९७२ ला तेंडुलकरांचं हे नाटक प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं पहिल्यांदा केलं. नाना फडणवीसांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, पुण्याची बदनामी म्हणून गदारोळ झाला. संस्थेनं प्रयोग थांबवले, मंडळी बाहेर पडली आणि १९७३ साली थिएटर अकॅडमी उभी राहिली. आज हेच नाटक ‘पुण्यानं देशाला काय दिलं’ या यादीत पहिल्या ओळीत असतं. त्या यादीचं वाचन कोण करतं? जुना पुणेकर. म्हणजे १९७२ चा जुना पुणेकर जे बघून संतापला, त्याचाच आजचा वारस अभिमानानं सांगतो. हे लक्षात ठेवलं की ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे वाक्य जरा जपून उच्चारावं लागतं. पूर्वी जे होतं त्यातलं सगळ्यात चांगलं, त्या वेळच्या जुन्या लोकांना नको होतं.

२०२२ साली एक गोष्ट झाली. पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्या तोडीची एकांकिकाच नाही, असा निर्णय. जुन्या मंडळींना आतून बरं वाटलं, हे मी माझ्या आसपास पाहिलंय: बघा, आम्ही म्हणत नव्हतो? तरुण मंडळी चिडली. माझं मत दोघांपेक्षा जरा वेगळं आहे. करंडक न देण्याचा अधिकार परीक्षकाला असलाच पाहिजे. दरवर्षी कुणाला तरी द्यायचाच असेल तर ती नंबरवारी झाली. पण असा निकाल दिला की परीक्षकाची जबाबदारी दसपट वाढते. कुठे काय कमी पडलं हे प्रत्येक संघाला समजेल असं, लांबलचक, लिहून सांगितलं पाहिजे. वीस वर्षांच्या मुलाला ‘तू पात्र नाहीस’ एवढंच ऐकवणं आणि गल्ल्यावरून ‘मिसळ संपली’ म्हणून ओरडणं यात फरक असायला हवा. (हशा, टाळ्या) कारण दिलं तर तो दोष दुरुस्त करता येतो. कारण नाही दिलं तर ती फक्त पिढीची तक्रार राहते.

ज्यांना करंडक नाही

आता एक अवघड मुद्दा. आपण कॉलेजांच्या वैराबद्दल एवढं बोलतो तेव्हा कुठले विद्यार्थी आपल्या डोळ्यांपुढे असतात?

सदाशिव, नारायण, शनिवार, नवी पेठ. संध्याकाळी सात वाजता चालत जा. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली, अभ्यासिकेतून मेसकडे निघालेली मुलंमुली. बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, यवतमाळ. स्पर्धा परीक्षा. पेठेत आज तरुण आवाज ऐकू येतो तो बहुतांशी यांचा. आमची मुलं तर बाणेरला नाहीतर बोस्टनला. या मुलांना कॉलेज नाही, म्हणून वैर नाही, करंडक नाही, घोषणा नाही. आणि जुन्या पुणेकराच्या बोलण्यात ती येतात फक्त पार्किंगच्या तक्रारीत.

त्यांची खाद्यसमीक्षा ऐकलीय कधी? मेसच्या महिन्यात किती खाडे धरतात, पोळी दुसऱ्या दिवशीची आहे हे घडीवरून कसं ओळखायचं, रविवारी दुपारी फीस्ट दिली की संध्याकाळी मेस बंद, मग तीस-चाळीस रुपयांत कुठल्या गाडीवर पोट भरतं, कुठली मावशी न मागता जास्तीची भाजी वाढते. मिसळीवरच्या आमच्या भांडणाइतकीच बारीक भाषा आहे ती. फरक एवढाच की आमच्या भांडणात चवीचा प्रश्न असतो, त्यांच्यात महिनाअखेरचा. चव आणि पैसे यांचा हिशेब एकाच वाक्यात मांडणारी ही भाषा मला जास्त कसदार वाटते.

२०२३ च्या फेब्रुवारीत हीच मुलं अलका टॉकीजच्या चौकात बसली होती. लोकसेवा आयोगाचा नवा वर्णनात्मक पॅटर्न लगेच लागू करू नका, २०२५ पासून करा, ही मागणी. आयोगानं ती मान्य केली. ज्या अलकाला आमच्या पिढीनं इंग्रजी सिनेमे पाहिले, त्या चौकाची माझी आठवण आणि त्यांची आठवण आता कायमची वेगळी. त्यांच्यातला कुणी वीस वर्षांनी कुठल्या तरी जिल्ह्यात अधिकारी होऊन, किंवा न होता, ‘आमच्या वेळचं पुणं’ सांगेल तेव्हा त्यात वैशाली नसेल. ते पुणं खोटं असेल का?

पाटी उरते, दुकान बदलतं

शेवटचा भाग, सिनेमा वगैरे. इथे जुन्या पुणेकराचं काम सोपं झालंय, कारण त्याचं पात्रच तयार मिळतं. पुणेकराचं सर्वांत गाजलेलं चित्र पु. ल. देशपांड्यांनी काढलं, आणि ते वाढले पार्ल्यात. बाहेरून आलेल्या डोळ्याला दिसलेलं पुणं, म्हणून तर ते इतकं नेमकं. पुढे आपण ते विनोदी चित्र ओळखपत्रासारखं वापरायला लागलो. २०१० साली ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आला: मुंबईची मुलगी, पुण्याचा मुलगा, एक दिवस आणि शहरांवरून वाद. सिनेमा गोड आहे, दोघांचं काम उत्तम. पण त्यातलं पुणं म्हणजे एक स्वभाव आहे. गाव म्हणून फारसं काही नाही. तिथून पुढे पाट्या, टी-शर्ट, मग, रील.

चितळ्यांचं उदाहरण घ्या. दुपारी एक ते चार बंद, हा विनोद. २०१७ साली त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. विनोद मात्र अजून चालू आहे! दुकानदार बदलला, गिऱ्हाईक बदललं, फक्त आपली ओळख दुपारी झोपलेली आहे. (हशा) दुसरी कसोटी आठवा: वस्तू आज पाहून बोलायचं. इथे जुना पुणेकर साफ नापास.

आणि ‘दुनियादारी’. सुहास शिरवळकरांची कादंबरी १९८२ ची, एसपीच्या कट्ट्यावरची. सिनेमा २०१३ चा, संजय जाधव यांचा, तुफान चालला. कादंबरी वाचलेल्यांची तक्रार होती की शेवट बदलला. ती तक्रार मला अपुरी वाटते. माध्यम बदललं की शेवट बदलू शकतो. मला खटकतं ते असं, की कादंबरीतला कट्टा ही एकट्या पोरांनी एकटेपणा लपवायला शोधलेली जागा आहे. तिथली दोस्ती त्यांना वाचवतेच असं नाही. सिनेमात कट्टा उत्सव होतो. बेलबॉटम, गाणी, टाळ्यांची वाक्यं. आठवणीतलं कॉलेज असंच असतं हे खरं, पण शिरवळकरांनी जगतानाचं कॉलेज लिहिलं होतं. सिनेमानं कादंबरी जुन्या पुणेकराच्या आठवणीतून पाहिली, आणि म्हणून ती त्याला आवडली. पुष्कळ तरुणांनी नंतर मूळ पुस्तक उघडलं ही त्याची जमेची बाजू. ती मी मोकळेपणानं देतो.

थोडक्यात सांगायचं तर असं. मिसळीपुढे आपला माणूस समीक्षक असतो, कारण मिसळ दर आठवड्याला समोर येते, गार होते आणि खोटं बोलू देत नाही. नाटकापुढे तो निम्मा समीक्षक असतो. स्वतःच्या प्रतिमेपुढे तो निव्वळ चाहता होतो. मिसळीला जी शिस्त लावता तीच बाकी दोन्हींना लावा, एवढंच माझं मागणं. वर्षातून दोन नव्या एकांकिका बघा. पेठेतल्या एखाद्या मेसमध्ये गेस्ट म्हणून जेवा. आणि मग बोला, अगदी टाकून बोला. तुम्ही बोलायचं थांबवलंत तर या शहरातला आचारी ढिला पडेल.

(टाळ्या)

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, मी परभणीचा. पुण्यात नऊ वर्षं झाली. पुणेकर व्हायला किती वर्षं लागतात?

उत्तर : तुम्हाला इथली कुठली मिसळ आवडत नाही?

प्रश्नकर्ता : (एक नाव घेतात.) रस्सा पातळ असतो आणि दुसऱ्यांदा मागितला की तोंड करतात.

उत्तर : का आवडत नाही तेही सांगितलंत. मग आता वर्षं कशाला मोजताय? (हशा)

प्रश्न : तुम्ही जुन्या लोकांवर टीका केलीत. पण आज खरंच काही गोष्टी खालावल्या नाहीत का?

उत्तर : खालावल्यात की. नाट्यगृहांची स्वच्छतागृहं खालावलीत, चालायचे रस्ते खालावलेत, आणि नदी तर बघवत नाही. पण बघा, ही तीनही वाक्यं कुणीही जाऊन तपासू शकतो. माझं भांडण जे तपासता येत नाही त्याच्याशी आहे.